पाणी कोण काढतंय? भूगर्भावरच्या सिनेमांचं परीक्षण कसं लिहावं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात, वाचनालयाच्या पडवीत पांढरी चादर बांधून आम्ही खाणीवरचा एक सिनेमा दाखवला होता. सिनेमा संपल्यावर मी भूगोलाच्या मास्तराला शोभेल असं बोललो: खडकाचे थर, खोली, हवेचा दाब वगैरे. मागच्या बाकावर एक मामा बसले होते. उभा जन्म विहिरी पाडण्यात गेलेले. त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "मास्तर, तुम्ही सांगताय ते सगळं खरं असंल. पण एवढं खाली गेलेत, पाणी कोण काढतंय?"

खरंच, पाणी काढणारा माणूस त्या सिनेमात कुठेच नव्हता. पंप नव्हता, बादली नव्हती, कुणाची विजारसुद्धा गुडघ्यापर्यंत ओली नव्हती. माझ्या सगळ्या शास्त्रातून जे निसटलं होतं ते मामांच्या एका प्रश्नात आलं. तेव्हापासून भूगर्भाशी संबंध असलेला कुठलाही सिनेमा, म्हणजे भूकंप, खाण, दरड, ज्वालामुखी, पूर, मी त्यांच्यासारखा बघायचा प्रयत्न करतो. आमच्या सीमाभागातल्या शाळा-कॉलेजांतली मुलं आणि वाचनालयांतले मित्र 'परीक्षण कसं लिहायचं' असं विचारतात, त्यांच्यासाठी ही माझी पद्धत.

आधी तीन दगड

सिनेमा लावण्याआधी एका रविवारी तीन दगड गोळा करा. आपल्याकडे त्यासाठी फार फिरावं लागत नाही, हे आपलं भाग्य.

पहिला निपाणी-संकेश्वरकडचा काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा पसरत गेला, थरावर थर बसले, त्याचा हा तुकडा. दुसरा गोकाकचा. घटप्रभा जिथून ५२ मीटर खाली उडी घेते तो कडा लाव्ह्याचा नाही, वालुकाश्माचा आहे, आणि बसाल्टच्या कितीतरी आधीचा. भिंगाखाली धरला की वाळूचे कण दिसतात; कुठल्या तरी पुरातन पाण्याने ते आणून टाकलेले. तिसरा खानापूरचा जांभा. पावसाने आणि उन्हाने खडक कुजत जाऊन लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं, त्याचा हा लाल, भोकाभोकांचा दगड. चिरेखाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होतो, म्हणून तर त्याचे चिरे पाडता येतात.

हे तीन दगड टेबलावर ठेवूनच लिहायला बसा. पडद्यावर कुणी 'खडक' म्हणालं की लगेच मनात यावं: कुठला? पाणी मुरवणारा की अडवणारा? सुरुंगाला फुटणारा की पहारीला? खडक बदलला की माणसाची मजुरी बदलते, विहिरीची खोली बदलते, घराची भिंत बदलते. हे माहीत नसलेला दिग्दर्शक सगळ्या खाणींत एकच करडा थर्माकोल लावतो.

पहिल्यांदा नुसता बघा

वही-पेन बाजूला ठेवा आणि घरच्यांबरोबर बघा. कुठे घाबरलात, कुठे कंटाळलात, कुठे आईने पदर डोळ्याला लावला, एवढंच लक्षात राहू द्या. पहिल्याच मिनिटापासून चुका मोजत बसणारा परीक्षक कुणालाच नको असतो, त्याच्या बायकोलाही.

दुसऱ्यांदा बघताना चार रकाने

आता वही. पानावर चार रकाने आखा: वेळ, पडद्यावर काय दिसलं, जमिनीत काय घडत असावं, माणसांचं काय झालं. चौथा रकाना सगळ्यात रुंद ठेवा. बहुतेक जण तिसऱ्यावरच जीव ओततात.

नोंदी तुटक चालतील. उदाहरणार्थ: '४२व्या मिनिटाला. छतातून माती गळते. छताला लाकडी टेकू आहेत पण ते नवेकोरे. मजूर वर बघतो, मुकादम बघत नाही.' त्या मुकादमाच्या न बघण्यातून पुढे तुमचा अख्खा परिच्छेद निघू शकतो.

भूकंप: हातात घड्याळ घ्या

भूकंपाच्या दृश्यात सगळ्यात सोपी तपासणी घड्याळाची. भूकंपातून आधी प्राथमिक लहरी येतात. पृथ्वीच्या कवचाच्या वरच्या भागात त्या सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जातात. मागून येणाऱ्या दुय्यम लहरी साडेतीन किलोमीटरच्या आसपास. पहिल्या लहरींचा नुसता धक्का किंवा गुरगुर जाणवते, घर हलवतात त्या दुसऱ्या. या दोहोंत जितके सेकंद जातील त्याला ८ ने गुणलं की केंद्र किती किलोमीटरवर आहे याचा ढोबळ अंदाज मिळतो.

आपल्याच भागाचं उदाहरण घ्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. कोयनानगर बेळगावपासून सरळ रेषेत सुमारे १९० किलोमीटर. म्हणजे पहिली चाहूल आणि खरा हेलकावा यांत इथे बावीस-चोवीस सेकंदांचं अंतर पडणार. घरातल्या जुन्या माणसांना विचारा. पहाटे आधी आवाज आला की आधी भांडी वाजली, ही आठवण काहींकडे असते. पडद्यावर केंद्र शंभर मैल दूर आहे असं कुणी सांगतं आणि पहिल्याच क्षणी झुंबर कोसळतं, तर नोंद करा. पण केंद्र पायाखालीच असेल तर दोन्ही लहरी जवळजवळ एकत्रच येतात, तेव्हा उगाच दिग्दर्शकाला धरू नका.

दुसरी गोष्ट आकड्याची. पात्रं बिनधास्त 'नऊ रिश्टर' म्हणतात. मापनात एक अंक वाढला की जमिनीच्या हालचालीची नोंद दहापट होते आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट. म्हणजे ७ आणि ९ यांत हजारपट ऊर्जेचा फरक. शिवाय तीव्रता आणि नुकसान ही वेगळी मापं आहेत. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप ६.२ च्या आसपास होता. जगाच्या हिशेबात मध्यमच. तरी सुमारे दहा हजार माणसं गेली.

तिसरी गोष्ट, जमिनीचं तोंड उघडणं. कॅलिफोर्नियातल्या भ्रंशावरचा, म्हणजे ज्या तड्यावर खडक सरकतात त्यावरचा, 'सॅन अँड्रियास' (२०१५) हा सिनेमा पाहिला असेल तर जमीन दुभंगून दरी पडलेली आठवेल. त्या भ्रंशाच्या दोन्ही बाजू आडव्या, एकमेकींना घासत सरकतात. त्यांच्यात अशी फट पडली तर घर्षणच राहणार नाही, आणि घर्षण नाही तर भूकंप नाही. जमिनीला भेगा पडतात, नदीकाठची माती सरकते, रस्ता फाटतो. पण माणूस गिळून मिटणारी दरी हे सीतामाईच्या गोष्टीतलं चित्र आहे. गोष्टीत ते शोभतं, कारण तिथे धरणी आई आहे.

ज्वालामुखी: लाव्ह्यापेक्षा राख आणि चिखल

आपण लाव्ह्यावरच शेती करणारी माणसं, तरी ज्वालामुखी म्हटलं की आपल्याही मुलांच्या डोळ्यांपुढे टोकदार डोंगर येतो. दख्खनचा लाव्हा बराचसा भेगांतून बाहेर आला आणि दूरवर पसरला. नाणेघाटापासून बेळगावपर्यंत सह्याद्रीत दिसतात त्या पायऱ्या म्हणजे थर, सुळक्यांचा कारखाना नव्हे.

सिनेमात लाव्हा धावतो आणि माणूस त्याच्यापुढे पळतो. बसाल्टचा लाव्हा हजार-बाराशे अंश तापलेला असतो, पण सपाट जमिनीवर बहुतेक वेळा आपल्या चालण्याइतकाच, किंवा त्याहून हळू सरकतो. त्याच्यापुढून आजीसुद्धा निघून जाईल. अडचण घर आणि शेताची, ते हलत नाहीत. नायक लाव्ह्यापासून दोन हातांवर उभं राहून संवाद म्हणतो तेव्हा मात्र हसा, कारण एवढ्या जवळ नुसत्या धगीने कातडी जाईल. 'दान्तेज पीक' (१९९७) मध्ये तर लाव्ह्यावरून गाडीच चालवली आहे. टायर पेटतात, गाडी पार होते. टायर पेटवले याचे दोन गुण द्यायला हरकत नाही.

जीव घेतो तो बहुधा लाव्हा नसतोच. तापलेली राख आणि वायूंचा लोट ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने उतारावरून येतो. १९८५ च्या नोव्हेंबरात कोलंबियातल्या नेवाडो देल रुईझ ज्वालामुखीने माथ्यावरचा बर्फ वितळवला, चिखलाचा लोंढा दऱ्यांतून उतरला आणि आर्मेरो शहर गाडलं गेलं. वीस हजारांहून जास्त माणसं मेली. धोक्याचा नकाशा आधीच तयार होता. पडद्यावर असा नकाशा कुठे दिसतो का, आणि तो कुणाच्या टेबलावर पडून राहतो, हे चौथ्या रकान्यात लिहा.

दरड: आवाजाच्या आधी काय होतं

सिनेमातली दरड गडगडाटाने सुरू होते. गावातली तशी नसते. आधी झऱ्याचं पाणी गढूळ होतं, झाडं वाकतात, दार चौकटीत अडकायला लागतं, वरच्या बाजूला जमिनीला बारीक चीर जाते. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव सकाळी गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. २०१९ च्या पावसानंतर गोकाकमध्ये डोंगरावरचा अजस्र धोंडा सुटण्याच्या बेतात आहे म्हणून पायथ्याची माणसं किती धास्तावली होती, ते तिकडच्या लोकांना विचारा. धोंडा पडला नाही तरी त्याखाली झोपणं म्हणजे काय, यावर सिनेमा निघाला पाहिजे. पडण्याआधीचे दिवस दाखवणाऱ्या दिग्दर्शकाला मी नेहमी वरचे गुण देतो.

खाण: मामांचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे. खाणीच्या सिनेमात तीन गोष्टी शोधा: पाणी, हवा, टेकू. आणि चौथी, जी दिसत नाही ती, शेजारची जुनी खाण.

२७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला कोळसाखाणीत पाणी घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार बुडाले. पाणी वरच्या, सोडून दिलेल्या आणि भरून राहिलेल्या खोदकामातून आलं. १३ नोव्हेंबर १९८९ ला राणीगंजजवळच्या महाबीर खाणीत असंच झालं: सुरुंगाने जुन्या पाणथळ खोदकामाची भिंत फुटली. तिथे जसवंतसिंग गिल या अभियंत्याने जमिनीतून भोक पाडून, एक माणूस मावेल अशा पोलादी पिंजऱ्यातून ६५ जणांना वर काढलं. सहा जण गेले. पहिल्या घटनेवरून प्रेरणा घेऊन 'काला पत्थर' (१९७९) आला, दुसरीवर 'मिशन रानीगंज' (२०२३).

दोन्हींत शत्रू पाणी. तुम्ही एवढंच बघायचं, की ते पाणी 'अचानक' येतं की कुणाला तरी माहीत होतं. 'काला पत्थर'मध्ये खडकाचं तपशीलवार काम नाही. पण खाणमालक अभियंत्याचा इशारा धुडकावतो हे त्याने कथेच्या मध्यभागी ठेवलं आहे. दगड थर्माकोलचा असला तरी दोष नेमक्या माणसावर ठेवलाय. तसं पाहिलं तर मामांच्या प्रश्नाचंच हे उत्तर: पाणी काढायला कुणीतरी हवं होतं आणि त्याचा खर्च कुणाला तरी नको होता.

आता उलटं उदाहरण, आणि ते आपल्या कर्नाटकातलं. 'केजीएफ' (२०१८) बेळगावात तुफान चालला, आमच्या घरातल्या पोरांना संवाद पाठ आहेत. खरी कोलारची सोन्याची खाण (कोलार गोल्ड फील्ड्स, म्हणजेच केजीएफ) १८८० च्या दशकापासून चालली, तीन किलोमीटरहून खोल गेली आणि २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली. इतक्या खोलीवर खडकच भट्टीसारखा तापलेला, आणि वरच्या वजनाने तो कधीकधी बंदुकीच्या गोळीसारखा फुटतो. सोनं गारगोटीच्या शिरांत बारीक विखुरलेलं, त्यामुळे दगड भुकटी होईपर्यंत कुटायचा. ती भुकटी फुप्फुसात बसते. हे खडक धारवाड कुळातले, अडीचशे कोटी वर्षांहून जुने; त्याच कुळाचे भाऊबंद खानापूरच्या दक्षिणेलाही आहेत.

सिनेमात यातलं काय उरतं? चाबूक घेतलेला राक्षस. सिनेमातल्या नराची नावाच्या काल्पनिक खाणीत माणसं मरतात ती खलनायकाच्या हातून. तापलेला खडक, फुटणारा खडक, धूळ, आणि खाण बंद पडल्यावर मागे राहिलेली तमिळ बोलणारी कामगार कुटुंबं, हे सगळं त्या राक्षसाच्या सावलीत जातं. खलनायक आहे म्हणजे दोष दाखवला, असं समजू नका. खलनायकही कधीकधी खऱ्या कारणाची सुटका करून देतो. नायक त्याला मारतो, आपण टाळ्या वाजवतो, धूळ तशीच.

चुका तीन ढिगांत घाला

इथवर वहीत वीस-पंचवीस चुका जमतील. सगळ्या छापू नका. ढीग करा.

पहिल्या ढिगात निरुपद्रवी: दगडाचा रंग चुकला, शास्त्रज्ञाच्या पाटीवरचं सूत्र उलटं. या सोडून द्या, फार तर एक गमतीने लिहा. दुसऱ्यात कथेच्या सोयीच्या: वेळ आखडला, दोन माणसांचं एक पात्र केलं. सिनेमा आहे, एवढी सूट हवी. तिसरा ढीग मात्र नीट जपा. प्रत्येक चुकीला विचारा: ही चूक कुणाची सुटका करते? 'निसर्गाचा कोप झाला' म्हटलं की भिंत बांधणारा सुटतो, परवाना देणारा सुटतो, नकाशा दाबणारा सुटतो. परीक्षणाचा गाभा म्हणजे हा तिसरा ढीग. त्यात एकच चूक असली तरी पुरते.

'सॅन अँड्रियास'मधली दरी माझ्या हिशेबात दुसऱ्या ढिगात जाईल. पण त्याच सिनेमात बचाव दलाचा वैमानिक हेलिकॉप्टर घेऊन आपल्याच बायको-मुलीला शोधत फिरतो आणि बाकीचं शहर पार्श्वभूमी होतं. तो तिसरा ढीग.

माणसांकडे बघायचे प्रश्न

घर कशाचं आहे? किल्लारीत माणसं भूकंपाने मेली हे अर्धंच खरं. जाड दगडी भिंती, मातीत रचलेल्या, आणि वर मातीचं जड माळवद. ते खाली आलं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपलेली. पडद्यावर घर कोसळतं तेव्हा त्यातून विटा पडतात, दगड पडतात की नुसती धूळ उडते, ते बघा. कला दिग्दर्शकाने भिंतीचा विचार केला नसेल तर लेखकाने माणसाचा केला असण्याची शक्यता कमी.

कोण बोलतं? गावकरी फक्त रडतात आणि शास्त्रज्ञ फक्त समजावतो, असा सिनेमा असेल तर गुण कापा. 'केदारनाथ' (२०१८) मध्ये नायक यात्रेकरूंना पाठीवर वाहून नेणारा आहे. डोंगराचा चढ त्याच्या पाठीला माहीत. २०१३ च्या जूनमध्ये तिथे आलं ते नुसतं पाणी नव्हतं, चोराबारी तळं फुटून हिमनदीने साठवलेला दगड-गोट्यांचा गाळ सुटला होता. पाठीचं ज्ञान आणि गाळाचं ज्ञान सिनेमा कुठे जोडतो, कुठे सोडतो, हे लिहिण्यासारखं आहे.

पुढे काय झालं? बहुतेक सिनेमे ढिगाऱ्यावर सूर्य उगवला की संपतात. पंचनामा, पत्र्याचं शेड, नव्या वसाहतीतली एकसारखी घरं, गोठ्याला जागा नाही म्हणून विकलेली म्हैस, हे येतच नाही. चिकोडी-अथणी-रायबागकडच्या कुणाही कृष्णाकाठच्या माणसाला २००५ आणि २०१९ च्या पुराबद्दल विचारा. पाण्याबद्दल तो पाच मिनिटं बोलेल आणि पाणी उतरल्यानंतरच्या दिवसांबद्दल तासभर.

जमिनीच्या माणसाला विचारा

लिहिण्याआधी एका तरी अशा माणसाशी बोला ज्याचे हात दगडाला लागलेत: विहीरवाला, चिरेखाणीत काम केलेला, क्रशरवर गेलेला, पुरात घर गेलेली बाई. त्यांना 'सिनेमा कसा वाटला' विचारू नका, 'बरा हाय की' एवढंच मिळेल. एखादं दृश्य दाखवा आणि विचारा, "इथं तुम्ही असता तर आधी काय केलं असतं?" मग गप्प बसा. पुरात घर गेलेल्या बाईला बुडणाऱ्या घराचं दृश्य दाखवायचं तर आधी सांगा आणि नको म्हणाली तर तिथेच थांबा. परवानगीशिवाय नाव छापू नका.

बोलणं कानडीत झालं तर चांगलंच. आमच्याकडचा खाणकाम करणारा कितीतरी शब्द कानडीच वापरतो आणि मराठी परीक्षणात तो शब्द अर्थासकट आला तर लेख जड होत नाही, खरा होतो.

लिहायला बसताना

आठशे ते हजार शब्द पुरतात. कथा दोन वाक्यांत, शेवट फोडू नका. सुरुवात एका दृश्याने करा, 'हा सिनेमा अमुक साली प्रदर्शित झाला' याने नको. शास्त्रीय शब्द एका परिच्छेदात एकच. त्याला आपल्याकडच्या दगडाचा आधार द्या. मळप्रभा सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला कठीण वालुकाश्माचा डोंगर कापून बाहेर पडते आणि नेमक्या त्या घळीत धरण बांधलं आहे, हे एक वाक्य 'नदीची झीज आणि खडकाचा कठीणपणा' यावरच्या पानभर मजकुराचं काम करतं. वाचक तिथे सहलीला गेलेला असतो.

नमुना म्हणून माझ्या एका जुन्या परीक्षणातलं वाक्य: 'खाण बुडते तेव्हा कॅमेरा पाण्याकडे बघतो, मी मुकादमाच्या खिशातल्या कोरड्या नकाशाकडे बघत होतो.' थोडं नाटकी आहे, कबूल. पण त्यात पाणी आहे, माणूस आहे आणि दोष कुणाचा तेही आहे.

गुण द्यायचे तर दोन वेगळे द्या, एक जमिनीला आणि एक माणसांना. 'काला पत्थर'ला मी जमिनीसाठी दहापैकी चार आणि माणसांसाठी आठ देतो. सरासरी काढत नाही.

आणि लेख गेल्यावर चुका सांगणाऱ्यांची वाट बघा. एकदा मी गोकाकच्या धबधब्याचा कडा बसाल्टचा असल्याचं लिहून मोकळा झालो होतो. चार दिवसांनी तिकडच्याच एका वाचकाने पाकिटात दगडाचा तुकडा पाठवला, सोबत चिठ्ठी नव्हती. भिंगाखाली धरला, वाळूचे कण दिसले. दुरुस्ती पुढच्या लेखात पहिल्याच ओळीत छापली, आणि टेबलावरच्या तीन दगडांतला दुसरा तो तोच.